जुन्या पिस्टनवर नवा क्रँक

आमच्या पातूरच्या वस्तीतील एका तरुणाने आईच्या नावे बचत गटाचे कर्ज काढून जुनी जीप घेतली. घाटात दम लागतो म्हणून भंगारातून मोठ्या स्ट्रोकचा क्रँक आणून बसवला. पिस्टन, रॉड मात्र जुनेच! चालू करताच पिस्टन हेडवर आदळून रॉड वाकला. आईचे हप्ते सुरूच आहेत.

आम्ही कारकून माणूस, पण हिशेब सरळ आहे. स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरखाली धाव. ती १० मिलिमीटर वाढली की पिस्टन वर ५ आणि खाली ५ मिलिमीटर जास्त जातो. मग रॉड ५ मिलिमीटर आखूड हवा, नाहीतर पिनचे भोक तितके वर असलेला पिस्टन हवा. खाली पिस्टन क्रँकला लागतो का, तेही इंजिन हाताने फिरवून पाहावे. चारही पिस्टन एकाच वजनाचे हवेत, रॉडही तसेच. नाहीतर इंजिन थरथरते.

शेतावरच्या किर्लोस्कर इंजिनांचे पाहा. एव्ही-१ चा बोअर ८० मिलिमीटर, टीव्ही-१ चा ८७.५, स्ट्रोक दोन्हींचा ११०च. शिवाय गाडीची सीसी बदलली तर मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ आडवे येते, ते वेगळेच.

येत्या रविवारी वंदनेनंतर हा तरुण तो वाकलेला रॉड घेऊन विहारात बसणार आहे. गॅरेजात राबणाऱ्या मुलांनी यावे. व्हर्नियर आम्ही आणतो.