पथ्याचे धान्य आणि गल्लीतील दुकान

उत्तर भारतात पंजाबपासून दिल्लीपर्यंत रोटीवाचून ताट पुरे होत नाही. अशा मुलखात ज्याला गव्हाचा कणही वर्ज्य आहे, त्याने बाजारातून काय आणावे आणि कोठून आणावे? हा प्रश्न मूठभरांचा आहे, असे कोणासही वाटेल. परंतु उत्तर भारतातील लोकवस्तीत केलेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे शंभर माणसांमागे एकाला सीलिअ‍ॅक रोग असल्याचे आढळले. तेव्हा प्रत्येक मोठ्या शाळेत असे काही विद्यार्थी असण्याचा संभव आहे.

कणीक मळली असता तिला जो चिवटपणा येतो, तो ग्लूटेन या प्रथिनांमुळे होय. ही प्रथिने गव्हात असतात आणि त्यांचे सगोत्र जव व राय या धान्यांतही आढळतात. सीलिअ‍ॅक रोगात शरीराची प्रतिकारयंत्रणा ग्लूटेनमुळे चाळवली जाते व लहान आतड्याच्या स्वतःच्याच अस्तरावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म अंकुर झिजून सपाट होतात. परिणामी भरपूर खाऊनही मूल वाळते, त्याची वाढ खुंटते, रक्त कमी होते. या रोगाचे मूळ गव्हात आहे, हे नेदरलंड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी १९५० सालच्या आपल्या प्रबंधात दाखवून दिले. आजही त्यावर जन्मभर ग्लूटेन टाळणे हाच उपाय आहे. म्हणून या रोग्याचे औषध वाण्याच्या दुकानात असते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हे दुकान शोधण्यासाठी लोक बहुधा मोठ्या शहराकडे धावतात व परदेशी वेष्टनातील महागडी बिस्किटे घेऊन येतात. वस्तुतः तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका आणि सर्व डाळी निसर्गतःच ग्लूटेनविरहित आहेत. नवरात्रात उत्तरेकडील दुकानांत कुट्टू, शिंगाडा व राजगिरा यांची पिठे येतात. महाराष्ट्रात वरी व राजगिरा तर बारमाही मिळतात. उपवासाची ही फळी म्हणजे सीलिअ‍ॅक रोग्याचे अर्धे कोठारच होय.

तथापि धान्य निर्दोष असले, तरी ते ज्या वाटेने घरी येते ती वाट निर्दोष असतेच असे नाही. ज्या जात्यावर आताच गहू दळला, त्यावरच ज्वारी दळली, तर तिच्यात गव्हाचे पीठ मिसळणारच. मैद्याच्या डब्यातील माप बेसनाच्या डब्यात गेले की तोच प्रकार. बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात पुष्कळदा मैदा घातलेला असतो, हे किती गृहिणींना ठाऊक असते? आपल्या देशातील मानकानुसार ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोग्रॅममागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन असता कामा नये. किलोभर ज्वारीच्या पिठात कणकेची एक चिमूट पडली, तरी ही मर्यादा ओलांडली जाते.

अन्नाची अ‍ॅलर्जी ही याहून वेगळी व्याधी आहे. तीत शेंगदाणा, दूध, अंडे किंवा मासा यांचा अल्प अंशही काही मिनिटांत अंगावर गांधी उठवतो, क्वचित श्वासही कोंडतो. जी उपवासाची फळी सीलिअ‍ॅक रोग्याला तारते, तीच शेंगदाण्याच्या कुटामुळे दुसऱ्याला घातक ठरू शकते. तेव्हा ‘पथ्याचे दुकान’ अशी एकच पाटी सर्वांना पुरणार नाही. २०२० सालच्या नियमांनी बंद वेष्टनावर अशा अ‍ॅलर्जीकारक घटकांचा उल्लेख बंधनकारक केला, हे योग्यच झाले. पण आपल्याकडे पुष्कळ घरांचा शिधा सुटा येतो. सुट्या मालाला वेष्टनच नाही, मग तो उल्लेख छापणार कोठे?

म्हणूनच असे दुकान नुसते शोधून भागणार नाही. ते आपल्याच गल्लीत घडवावे लागेल. छोट्या दुकानदाराला हे परवडणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु त्याच्याकडून मागणे फार थोडे आहे. बिनगव्हाच्या धान्यांना वेगळे डबे व वेगळी मापे असावीत, आणि माल कोठे दळला व त्यात काय घातले, हे विचारल्यावर खरे सांगावे. ‘ठाऊक नाही’ हे प्रामाणिक उत्तर ‘खुशाल घ्या, काही होत नाही’ या आश्वासनापेक्षा रोग्याच्या अधिक उपयोगी पडते. गिरणीवाल्याला एक जाते गव्हापासून कायमचे दूर ठेवणे जमत नसेल, तर चार कुटुंबांनी मिळून एक घरघंटी घ्यावी व तीत गहू कधीच घालू नये.

शाळा व ग्रंथालये यांनाही येथे काम आहे. कोणत्या दुकानात सुटे डबे वेगळे ठेवतात, कोणती गिरणी केवळ भरड धान्ये दळते, याची पडताळून पाहिलेली यादी फलकावर लावण्यास काहीच खर्च येत नाही. वर्गात वाढदिवसाची मिठाई वाटली जाते तेव्हा एखादे मूल हात मागे घेते. ते लाडावलेले आहे, असे समजण्यापूर्वी शिक्षकांनी त्यामागचे कारण जाणून घ्यावे, आणि त्याच्या हाती ठेवण्यासाठी राजगिऱ्याची एक वडी वेगळ्या डब्यात जपून ठेवावी.