वहीत नाव नको

ग्रंथालयात जाऊन पुस्तक मागणे ही आपल्याकडे वाटते तितकी खासगी बाब नव्हे. खिडकीशी बसलेले गृहस्थ आपल्या वडिलांना ओळखतात, मागे शेजारच्या काकू मासिक बदलायला उभ्या असतात, आणि नेलेले पुस्तक आपल्या नावासमोर वहीत चढते. रहस्यकथा नेणाऱ्याला त्याचे काही नाही. पण पुस्तक समलिंगी माणसाच्या आयुष्यावरचे असेल आणि मागणारा एकोणीस वर्षांचा असेल, तर खिडकीपर्यंतची चार पावले फार लांब होतात.

बरे, मराठीत अशी पुस्तके नाहीत असे मुळीच नाही. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. त्यातली मित्रा म्हणजे मुलगी, आणि तिची भूमिका रोहिणी हट्टंगडींनी केली होती. बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ २००५ ची. पुढच्याच वर्षी सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ आली. घरात राहायला आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघेही जीव लावून बसतात, आणि घर कुणाचे, तर तुमच्याआमच्यासारख्यांचे! लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ २०१२ चे. त्या ठाण्याच्या, आणि ठाण्याला १८९३ पासूनचे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. गावचा लेखक म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

म्हणून म्हणतो, ग्रंथालयांनी आपापल्या गावच्या अशा लेखकांना बोलवावे आणि त्यांचे लिखाण त्यांच्याच तोंडून ऐकवावे. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९९६ साली या साहित्यासाठी वेगळे दालन उघडले. आपल्याला दालन नको. आहे ते सभागृह पुरे. ऐकण्याची सवय तर आपल्याला जुनीच. वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि मिरासदार कथाकथनाला उभे राहत, तेव्हा शहरातल्या श्रोत्याने कधी न पाहिलेली माणसे त्याच्या ओळखीची होऊन जात. छापील पानावर ज्याची भीती वाटते, तोच माणूस समोर बसून पाणी पितो, चष्मा पुसतो, मध्येच विनोद करतो, आणि सभागृह हसते.

कार्यकारी मंडळात कुणीतरी हरकत घेईलच. कायदा काढाल, तर ३७७ कलमाने सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांनाही गुन्हा ठरवले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दूर केले. (पुस्तक वाचणे त्याआधीही गुन्हा नव्हता, हे वेगळे सांगायला नको.) ‘आमच्या गावात असले कोणी नाही,’ असे म्हणणारे सभासदही भेटतील. त्यांना आग्रहाने पहिल्या रांगेत बसवावे.

मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. मागच्या खुर्च्यांवरचे दिवे जरा मंद असू द्यावेत, आणि आभारप्रदर्शनाच्या वेळी कार्यवाहांनी, अहवालात जोडायला म्हणून, नाव-पत्ता लिहिण्याची वही फिरवू नये. श्रोते मोजायचे असतील तर खुर्च्या मोजाव्यात. पुस्तके टेबलावर मांडून ठेवावीत, आणि कोणी नुसतेच उभ्याने चाळत राहिला तर चाळू द्यावे.