उठून न दिसणारा हिरवा

दसरा-दिवाळीच्या तोंडावर रंगाच्या दुकानात गेलात, तर शेड कार्डाचं एक पान हमखास बोटांनी मळलेलं दिसेल. राखाडीकडे झुकलेल्या, विटक्या हिरव्या छटांचं. सेज ग्रीन म्हणतात तो हा. क्रीम आणि आयव्हरी यांच्यापलीकडे ज्यांचं कधी धाडस झालं नाही, ती मंडळीही आता त्या पानावर थांबतात. 2022 सालचा ‘वर्षाचा रंग’ ठरवताना शर्विन-विल्यम्स, बेंजामिन मूर आणि पीपीजी या तीन बड्या अमेरिकन कंपन्यांनी असेच मवाळ हिरवे निवडले होते. एव्हरग्रीन फॉग, ऑक्टोबर मिस्ट, ऑलिव्ह स्प्रिग. नावं तीन, कुळी एकच. तिथून हा रंग फोनच्या पडद्यावर आला आणि पडद्यावरून आपल्या हॉलमध्ये.

माझ्या भाचीने पुण्यात जुन्या इमारतीत फ्लॅट घेतला आणि हाच रंग ठरवला. पेंटरने शेड पाहिली आणि मान हलवली. “ताई, हा उठणार नाही. एक नंबर डार्क घ्या.” ती म्हणाली, “दादा, उठायलाच नकोय मला.” रंग झाल्यावर बहीण बघायला गेली आणि दारातूनच म्हणाली, “अगं, भिंतीला रंग लागलाय की होता तो उडालाय?” तिचंही चुकलं नाही. आपला हिरवा म्हणजे चुड्याचा, डोहाळजेवणाच्या साडीचा, तोरणातल्या आंब्याच्या पानांचा. तो ठणठणीत असतो. त्याच्यापुढे हा रंग आजारातून उठल्यासारखा वाटणारच.

खरी गंमत रात्री झाली. दिवसा छान दिसणारी भिंत ट्यूब लावल्याबरोबर थेट सरकारी दवाखाना झाली.

याचं कारण रंगाच्या घडणीतच आहे. टिंटिंग मशीन पांढऱ्या बेसमध्ये हिरव्याबरोबर थोडा पिवळा आणि चिमूटभर काळा सोडतं, तेव्हा असा मळकट हिरवा जमतो. यातला कुठलाच रंग इतका जोरकस नसतो की बाकीच्यांना दामटून बसवेल. त्यामुळे समोरून जसा उजेड येईल तशी भिंत बदलते. आपल्याकडच्या पांढऱ्याशुभ्र एलईडी ट्यूब बहुतेक 6500 केल्विनच्या असतात, म्हणजे निळसर उजेडाच्या. त्या उजेडात भिंतीतला पिवळा मरतो आणि उरतो तो राखाडी. तीच भिंत 3000 केल्विनच्या पिवळसर दिव्यात पाहा, ऊब परत येते. भाचीने ट्यूब काढून तसे दिवे लावले आणि बहिणीची तक्रार अर्ध्यावर आली. पूर्ण मिटली असं म्हणणार नाही. ती माझी बहीण आहे.

दवाखान्याची आठवणही उगाच येत नाही. 1914 च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतले सर्जन हॅरी शर्मन पांढऱ्या भिंतींनी आणि चादरींनी हैराण झाले होते. रक्ताच्या लाल रंगाकडे टक लावून पाहायचं आणि मान वर करताच पांढरा झगझगाट, यात डोळे दिपत. म्हणून त्यांनी शस्त्रक्रियेची खोली पालकाच्या रंगाची करवून घेतली. लालाचा विरुद्ध रंग हिरवा, त्यामुळे डोळ्यांना विसावा मिळायचा. पुढे हा हिरवा दवाखान्यांच्या अंगवळणी पडला. आपण तो पाहिला सरकारी इमारतींत: कंबरेपर्यंत हिरवा ऑइल पेंट, वर चुना, मध्ये ब्रशने ओढलेली पट्टी, खाली लाकडी बाक. आपल्या मनातला दवाखाना निम्मा त्या ऑइल पेंटच्या चकाकीत आहे. म्हणून हा रंग घरात लावायचा तर मॅट फिनिशमध्ये लावा. चकाकणाऱ्या फिनिशमध्ये लांबी भरतानाचे सगळे उंचसखल हात दिसतात, ते वेगळंच. घरात लहान मूल असेल तर मॅटमधलाच धुता येणारा प्रकार घ्या, नाहीतर स्विचबोर्डाभोवती महिन्याभरात नकाशे उमटतील.

‘हे सगळं परदेशी फॅड’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा अजिंठ्याला जाऊन यावं. तिथल्या भित्तिचित्रांतला हिरवा हिरव्या मातीचा आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांमध्ये सेलाडोनाइट नावाचं मऊ, मळकट हिरवं खनिज सापडतं, त्याच कुळीतला. लाल गेरू आणि पिवळी माती यांच्यासारखाच हा इथल्या मातीतला. दुरून आणावा लागला तो निळा, लाजवर्दाचा. तर त्या चित्रांत हा हिरवा काय करतो ते पाहा. तो पुढे येत नाही. तांबूस, गव्हाळ, काळसर अंगांच्या मागे आणि बाजूला बसतो, आणि त्यामुळे माणसं उठून दिसतात.

घरातही त्याला हेच काम द्यावं. सागवानी कपाट, शिसवी पाट, पितळेची समई, तांब्याचा हंडा, गेरूच्या रंगाची सतरंजी यांच्यामागे हा रंग शोभतो. भाचीच्या फ्लॅटमध्ये जुनी कोटा फरशी आहे, तिचा अंगचा रंगच हिरवट राखाडी. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी जुन्या इमारतींत ती आहे, आणि लोक ती फोडून वर चकचकीत पांढऱ्या टाइल्स बसवतात. मग त्या टाइल्सवर हा रंग बिचारा दिसतो आणि दोष त्याला लागतो. कोटा फरशी असेल तर पॉलिश करून घ्या आणि डोळे मिटून हा हिरवा लावा.

एकाच भिंतीला हा रंग आणि बाकी तिन्ही पांढऱ्या, ही ‘हायलाइट’ची टूम मात्र मला पटत नाही. हायलाइट करायचा तर भडक रंग घ्यावा. मागे बसणाऱ्याला ओढून स्टेजवर उभं करण्यात काय अर्थ? एक खोली निवडा आणि चारही भिंती रंगवा. छताला शुभ्र पांढरा नको, त्याच्यापुढे भिंती कळकट दिसतात. किंचित पिवळट पांढरा चालेल. उत्तरेकडच्या खोलीत, जिथे थेट ऊन फारसं येत नाही, तिथे हा रंग आणखी राखाडी होतो, तेव्हा थोडी पिवळ्याकडे झुकणारी छटा घ्यावी. पश्चिमेच्या खोलीला दुपारचं ऊन आपसूक सांभाळून घेतं. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत असेल तर आधी तिची दुरुस्ती करा. नाहीतर श्रावणात शेवाळ कुठलं आणि शेड कुठली, हे पेंटरलाही सांगता येणार नाही.

शेड कार्डावरच्या दोन इंची चौकोनावरून मात्र काहीही ठरवू नका. छोटा डबा आणा, मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि तो पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून खोलीच्या प्रत्येक भिंतीशी धरून पाहा. आणि पेंटरला बोलावण्याआधी ट्यूब बदला. दिवा काही शे रुपयांत येतो. भिंती पुन्हा रंगवायच्या तर हजारो रुपये जातात आणि अख्खं घर पुन्हा एकदा चादरींखाली झाकून ठेवावं लागतं.