मार्जिन म्हणजे बयाणा नव्हे

हल्ली आपले तरुण दुकानदार मोबाइलवर शेअर आणि वायदा दोन्ही करतात आणि दोघांना 'शेअर बाजार' म्हणतात. हे दोन वेगळे धंदे आहेत.

शेअर घेणे म्हणजे कंपनीत भागीदार होणे. भाव पडला तर फार तर घातलेली रक्कम जाते. वायदा म्हणजे पुढच्या तारखेचा, आज ठरलेल्या भावाचा सौदा. तो ठरावीक संख्येत, म्हणजे 'लॉट'मध्येच होतो. त्यासाठी भरायची रक्कम म्हणजे 'मार्जिन'. अनेकांना हा बयाणा वाटतो. पण बयाणा सोडला की कापडाचा सौदा बहुधा तिथेच मिटतो. वायद्यात तसे नाही. 5 लाखांच्या खरेदीवर 1 लाख मार्जिन भरले आणि भाव 20 टक्के उतरला, तर तो लाख गेला. आणखी उतरला तर घरातून भरा.

मानवत-सेलूच्या ज्या व्यापाऱ्याकडे रुईच्या गाठी पडून आहेत, त्याने मंदीच्या भीतीने वायदा विकला तर त्याला आधार मिळतो. ज्याच्याकडे मालच नाही, त्याचा तो सट्टा.

'सेबी'च्या 2024 च्या अहवालानुसार 2021-22 ते 2023-24 या काळात शेअरच्या वायदा-ऑप्शनमध्ये 100 पैकी 93 वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात गेले. एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक.

जायज-नाजायजचा मसला उलेमांना विचारावा. हिशोबाची गोष्ट एवढीच, की दुकानाचे भांडवल आणि व्यापाऱ्यांची उधारी मार्जिनमध्ये घालू नये.