तिच्या 'कबूल'चं काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं' पुण्यात पाहिला. त्याच वर्षी या मराठी चित्रपटाला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं होतं. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला तिशीतला आनंद आणि शेतकरी बाळ्या यांच्या प्रेमाची ही गोष्ट. नातेवाईक 'लग्न कधी?' विचारत राहतात. आईला मात्र मुलगा ठाऊक असतो.

मला आमचं श्रीवर्धन आठवलं. माझ्या एका नातलगाने घरी स्पष्ट सांगितलं होतं, "मला मुलींबद्दल तसं काही वाटत नाही." मोठी माणसं म्हणाली, "निकाह झाला की सगळं ठीक होईल." निकाह झाला. महिन्याभरात तो आखातात परतला. त्याची बायको चार वर्षं 'माझं काय चुकलं?' विचारत राहिली. तिला कुणीही खरं सांगितलं नाही.

धर्म काय म्हणतो यावर आपण वाद घालत राहू. पण निकाह हा करार आहे आणि त्याला मुलीची संमती लागते, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं. मग खरं लपवून मिळवलेलं 'कबूल' ही संमती कशी?

प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. आपल्या घरांत अजून त्यावर बोलणंही सुरू झालेलं नाही.

भावाचं म्हणणं तुम्हाला पटो न पटो, तो लग्नाला 'नको' म्हणाला तर मोठ्यांसमोर त्याच्या बाजूने उभे राहा. त्यात एका मुलीचं आयुष्यही वाचतं.