अदृश्य यंत्र, डोळस मालक

वापरणाऱ्याच्या ध्यानातही राहत नाही ते यंत्र उत्तम, असा एक सिद्धांत गेली तीन दशके तंत्रज्ञांच्या वर्तुळात प्रमाण मानला जातो. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रातील मार्क वायझर या संगणकशास्त्रज्ञाने तो १९९१ साली मांडला. संगणकाने रोजच्या जीवनात विरून जावे, माणसाचे लक्ष सतत आपल्याकडे ओढू नये, ही त्याची कल्पना मूलतः माणुसकीची होती. असे सर्वत्र पसरलेले संगणक दडपशाहीचे विलक्षण साधन बनू शकतील, हा इशाराही त्याने त्याच लेखात दिला होता. त्याच्या अनुयायांनी सिद्धांत उचलला आणि इशारा सोडून दिला. यंत्र दिसेनासे झाले म्हणून त्याचा मालक नाहीसा होत नाही. यंत्र कोणाला दिसत नाही आणि यंत्राला कोण दिसतो, हा खरा प्रश्न आहे.

बजाजनगरासारख्या वसाहतीत या प्रश्नाचे रूप स्पष्ट होते. १९८५ साली वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि मराठवाड्याच्या कोरडवाहू गावांतून आलेल्या कामगारांची वस्ती औद्योगिक क्षेत्राच्या आधाराने वाढत गेली. कायम कामगाराने कर्ज काढून घर बांधले. कंत्राटी कामगार त्याच्या वरच्या मजल्यावरील एका खोलीत भाड्याने राहू लागला. अशा घरांच्या भिंतीवर महावितरण राज्यभर जो ‘स्मार्ट’ मीटर बसवीत आहे, तो अदृश्य यंत्राचा उत्तम नमुना होय. त्याला वाचायला कोणी दारी येत नाही. तो थोड्याथोड्या वेळाने विजेचा वापर नोंदवतो, स्वतःच कळवतो, आणि वीज तोडण्याची कळ त्याच्या पोटातच असल्यामुळे ती दुरून दाबता येते. घर केव्हा जागे झाले, केव्हा निजले, केव्हा कुलूपबंद होते, हे त्या नोंदींवरून ताडता येते. घरातल्यांना मात्र भिंतीवर एक पेटी दिसते, एवढेच.

जुना मीटर साधुसंत होता, असे कोणी म्हणणार नाही. वाचन न घेता पाठवलेली सरासरी बिले, दुरुस्तीसाठी घातलेले हेलपाटे, गळती आणि चोरी यांचा बोजा प्रामाणिक ग्राहकावर, हे सारे कामगारांनी भोगले आहे. अचूक मोजणीला समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु मीटर वाचणारा माणूस दारात उभा राहत असे, त्याच्याशी भांडता येत असे, वीज तोडायला आलेल्याला चार दिवसांची मुदत मागता येत असे. नव्या व्यवस्थेत भांडायला समोर कोणी उरत नाही. पगार लांबला त्या महिन्यात याचा अर्थ काय होतो, हे कामगाराच्या पत्नीला विचारावे.

२००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम ५६ नुसार थकबाकीपोटी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस आवश्यक आहे. कलम ४७(५) प्रीपेड मीटरची भाषा करते ती ग्राहक तयार असेल तर, अशी. म्हणजे कायद्याने ग्राहकाला अवधी आणि निवड दोन्ही दिली. प्रीपेड मीटरची योजना आली तेव्हा ही दोन्ही गुपचूप काढून घेतली जाणार होती. इचलकरंजीच्या प्रताप होगाडे यांच्या नेतृत्वाखालील वीज ग्राहक संघटनेसह अनेकांनी आवाज उठवला, आणि जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांकडे असे मीटर बसवणार नाही, अशी घोषणा सरकारला करावी लागली. नंतर तोच मीटर ‘पोस्टपेड’ आणि ‘टीओडी’ या नावांनी परत आला. नाव बदलले, पोटातली कळ कायम राहिली.

हा मीटर फुकट मिळतो, असे सांगितले जाते. अर्थशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही यावर हसेल. मीटरमागे सुमारे १२ हजार रुपयांचे कंत्राट आणि केंद्राचे अनुदान जास्तीत जास्त ९०० रुपये. उरलेली रक्कम आज ना उद्या दरांतूनच वसूल व्हावयाची. याच शहराने २०११ मध्ये वीजवितरण खासगी फ्रँचायझीच्या हाती गेलेले पाहिले आणि २०१४ मध्ये महावितरणला ते परत घ्यावे लागलेलेही पाहिले. १ जुलै २०२५ पासून या मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली. ज्या वेळी कामगार कारखान्यात असतो, नेमकी तीच ही वेळ. रात्रपाळी करून दिवसा निजणाऱ्या भाडेकरूला तरी ती मिळावी. पण मीटर घरमालकाच्या नावे, हिशेब घरमालकाच्या मोबाइलवर आणि भाडेकरूला युनिटचा दर घरमालक सांगेल तो!

यंत्र जीवनात मिसळून जावे, हा विचार या देशाला नवा नाही. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. किंमत १५० रुपयांच्या आत असावी, स्त्रीला आठ तास फारसे न शिणता तो चालवता यावा, दुरुस्तीचा खर्च अल्प असावा, अशा त्याच्या अटी होत्या. राममनोहर लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला तोही याच परंपरेतला. दोघांनाही शरीराला न जाचणारे यंत्र हवे होते, परंतु त्याच्या चाव्या वापरणाऱ्याच्या हाती हव्या होत्या. आजच्या यंत्राने कष्टाबरोबर हिशेबही दृष्टीआड केला, आणि चाव्या दुसऱ्याच्या खिशात गेल्या.

म्हणून कार्यकर्त्यांनी यंत्र फोडण्याची भाषा करू नये, चाव्या मागाव्यात. लेखी संमतीशिवाय मीटर बदलू नये. जुना व नवा मीटर काही महिने शेजारी शेजारी लावून त्यांचे वाचन ग्राहकासमोर पडताळावे. वीज तोडण्याआधी १५ दिवसांची नोटीस हाती पडलीच पाहिजे. नोंदी ज्याच्या वापराच्या त्याच्या, भाडेकरूसुद्धा त्यात आला; त्या इतर कोणाला दिल्यास त्याला कळले पाहिजे. तक्रार ऐकायला वसाहतीत हाडामांसाचा माणूस बसला पाहिजे. बजाजनगरच्या गल्लीगल्लीत बिले गोळा करून, जुन्या-नव्या वाचनांचे तक्ते मांडून हे काम सुरू करता येईल. जे यंत्र मुद्दाम नजरेआड ठेवले आहे, ते लोकांच्या नजरेसमोर आणणे, हेच आज चळवळीचे पहिले काम आहे.