राखणीच्या कुत्र्याला हाताची खूण



वारा उलटा असला की बांधावरून मारलेली हाक वावराच्या मध्यापर्यंतही पोचत नाही. मळणी यंत्र चालू असले किंवा ओढा भरून वाहत असला, तर घसा बसेपर्यंत ओरडावे लागते. आणि नेमके अशाच वेळी आपले कुत्रे शेजाऱ्याच्या करडामागे लागलेले असते, नाहीतर उसाच्या सरीत तोंड घालून कशावर तरी गुरगुरत असते. सरीत घोणस आहे की बिबट्या आहे, हे आपल्याला दिसत नाही. अशा वेळी कुत्रे जागच्या जागी थांबले तर करडू वाचते आणि कुत्रेही वाचते. न थांबले तर करडाचे पैसे भरावे लागतात, शेजाऱ्याशी वैर येते आणि कधी कुत्र्याला मुकावे लागते. म्हणून या वेळी हाताच्या खुणांविषयी लिहीत आहे.

पुष्कळांना वाटते, हे पोलिसांच्या कुत्र्यांचे काम. आपल्या गावठी कुत्र्याला कसे जमणार? पण गावातल्या कोणत्याही कुत्र्यासमोर नुसते खाली वाकून पाहा. तुम्ही दगड उचलायच्या आतच ते पाय लावून पळते. ही खूण त्याला कोणी बसवून शिकवलेली नाही. माणसाचा हात कुठे जातो, यावर त्याची नजर सदा असते. २०२० साली कोलकात्याच्या आयसर संस्थेतील अनिंदिता भद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी भटक्या कुत्र्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन भांडी ठेवायची आणि त्यांतल्या एकाकडे हात दाखवायचा, अशी परीक्षा होती. सुमारे निम्मी कुत्री भीतीने किंवा संशयाने जवळच आली नाहीत. पण जी आली, त्यांतली सुमारे ८० टक्के हात दाखवलेल्या भांड्याकडेच गेली. म्हणजे अक्कल गावठी कुत्र्याला आहेच. अडते ते भीतीपाशी.

यातूनच पहिला नियम निघतो. ज्या हाताने खूण करायची, त्या हाताने कुत्र्याला कधी मारायचे नाही. हात उगारला की मार बसतो, एवढेच ज्याला ठाऊक, ते कुत्रे वर गेलेला हात पाहून थांबणार नाही, पळून जाईल. तसेच कोणतीही खूण जमिनीकडे वाकून करू नये. वाकणे म्हणजे दगड, हे आपल्या कुत्र्यांच्या मनात पक्के बसलेले असते.

आता कुत्र्याची नजर कशी असते ते पाहू. जे आपल्याला ७५ फुटांवरून स्पष्ट दिसते, ते नीट दिसायला कुत्र्याला २० फुटांवर यावे लागते. पण हलणारी वस्तू त्याला लांबून कळते. पोलिसी कुत्र्यांच्या एका जुन्या परीक्षेत चांगल्या नजरेच्या कुत्र्यांनी हलणारी वस्तू ८०० ते ९०० मीटरवरून ओळखली. तीच वस्तू स्थिर ठेवली, तर ६०० मीटरच्या आतूनच ओळखता आली. म्हणून खूण बोटांची नको, सबंध हाताची हवी. आणि हात नुसता धरून ठेवू नये, झोकाने हलवावा. दुसरे असे की कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग कळतो, तांबड्या-हिरव्यातला फरक फारसा कळत नाही. हिरव्या पिकात तांबडे फडके हलवले तर आपल्याला ते उठून दिसते, त्याला नाही. लांबून खूण करायची तर पांढरा टॉवेल किंवा पांढरी टोपी हातात घ्यावी.

खुणा पाच पुरेत. त्याहून जास्त शिकवण्याच्या भरीस पडू नये.

ये : हात बाजूला पूर्ण पसरावा आणि झोकाने छातीवर आणावा.

थांब : हात खांद्याच्या रेषेत समोर धरून तळवा कुत्र्याकडे करावा. लांब असल्यास हात डोक्यावर सरळ उभा करावा.

बस : तळवा आभाळाकडे ठेवून हात कोपरापासून वर उचलावा.

जा : ज्या बाजूला पाठवायचे, त्या बाजूचा हात सरळ फेकावा आणि त्याच दिशेला एक पाऊल टाकावे.

सुटलास : दोन्ही हात खाली मोकळे सोडून हलवावेत. ही खूण लोक विसरतात. काम केव्हा संपले हे कुत्र्याला सांगितले नाही, तर ते स्वतःच ठरवते, आणि मग ‘थांब’ला काही अर्थ राहत नाही.

पिल्लू दोन-तीन महिन्यांचे झाले की सुरुवात करावी. मोठे कुत्रेही शिकते, वेळ थोडा जास्त लागतो. शिकवणी त्याच्या जेवणाआधी घ्यावी, पोट भरल्यावर नाही. एका वेळी पाच मिनिटे, दिवसातून दोनदा. कंटाळा यायच्या आत थांबावे. बक्षीस म्हणून भाकरीचा बोराएवढा तुकडा किंवा उकडलेल्या अंड्याचा कण पुरतो. कांदा, लसूण, द्राक्षे आणि बेदाणे मात्र कधी देऊ नयेत. कांद्या-लसणाने कुत्र्याचे रक्त बिघडते आणि द्राक्षा-बेदाण्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. बागाईतदारांच्या घरी मुले कौतुकाने बेदाणे चारतात, त्यांना हे सांगून ठेवावे.

पहिले तीन-चार दिवस फक्त आपल्याकडे बघायला शिकवावे. नाव घ्यावे, त्याने तोंडाकडे पाहिले की लगेच तुकडा द्यावा. जे कुत्रे मालकाकडे वळून पाहत नाही, त्याला हजार खुणा केल्या तरी त्या वाऱ्यावर जातात.

मग एकेक खूण घ्यावी. ‘बस’ शिकवताना भाकरीचा तुकडा नाकाच्या थोडा वर, डोक्यामागे सरकवावा. कुत्रे मान वर करते आणि त्याचे मागचे अंग आपोआप टेकते. टेकताक्षणी तुकडा द्यावा. उशिरा दिला तर आपण कशाबद्दल दिला हे त्याला उमगत नाही. हात ओळखू लागले की त्यात तुकडा नसावा, तो दुसऱ्या हातातून द्यावा.

शब्द आणि खूण यांचा क्रमही सांभाळायचा असतो. आधी खूण करावी, क्षणभर थांबावे आणि मग शब्द उच्चारावा. थोड्या दिवसांत कुत्रे शब्दाची वाट न पाहता खुणेवरच काम करू लागते. मग शब्द सोडून द्यावा. दोन्ही एकदम केले, तर ते कशाकडे लक्ष देते हे आपल्याला कळत नाही. इटलीतल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शब्द एक आणि खूण भलतीच अशी गल्लत मुद्दाम करून पाहिली, तेव्हा कुत्र्यांचा ओढा खुणेकडे दिसला. तेव्हा तोंडाने ‘थांब’ म्हणत हाताने बोलावू नका.

‘थांब’ ही खूण सर्वांत मोलाची, आणि शिकवायला सर्वांत अवघड. पट्ट्याला २०-२५ फुटांचे चऱ्हाट बांधावे. हात दाखवावा, न थांबल्यास चऱ्हाट हलकेच धरून अडवावे, हिसका देऊ नये. थांबले की आपण स्वतः जवळ जाऊन तुकडा द्यावा. त्याला बोलावून दिला, तर ते थांबण्याऐवजी यायला शिकते. पाच पावलांवर पक्के झाले की दहा, मग वीस, मग बांधाच्या पलीकडून. कोंबड्या आणि शेळ्या यांच्यासमोरची परीक्षा शेवटी घ्यावी, तीही चऱ्हाट बांधूनच. घाई केली की मागचे शिकवलेलेही पुसले जाते.

या कामात सबंध घराचे एकमत हवे. वडील एक खूण करतात, मुलगा दुसरी, आणि आजी पदराने हाकलते, असे झाले तर दोष कुत्र्याचा नव्हे. रविवारी सगळ्यांनी अंगणात उभे राहून पाचही खुणा एकमेकांना करून दाखवाव्यात. लहान मुलांनाही त्या शिकवाव्यात, पण शिकवणी मोठ्या माणसाच्या देखत व्हावी. कुत्र्याला भाकरी बहुधा घरातली बाईच घालते, म्हणून ते तिच्याकडे सर्वांत जास्त बघते. शिकवणीची सुरुवात तिने केली तर काम लवकर होते.

आणखी एक गोष्ट. १८७३ साली वेल्समधल्या बाला गावी मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यांची चाचणी भरली होती. ब्रिटनमधली ती पहिली नोंदलेली चाचणी मानतात. तिकडची कुत्री लांबवर शिट्टीवर आणि जवळ शब्दावर वा खुणेवर कळप वळवतात. आपल्या धनगर बांधवांच्या कुत्र्याचे काम निराळे आहे. मेंढरे वाघरीत बसली की रात्रभर लांडग्यावर नजर ठेवणे, हा त्याचा धर्म. त्याला कळप वळवायला लावू नये. मेंढरामागे धावायची चटक लागली तर राखणदारच कळपाला भारी पडतो. त्याला ये, थांब आणि सुटलास एवढे आले तरी पुष्कळ झाले. रात्री हात दिसत नाही, तेव्हा बॅटरीचा झोत जमिनीवर दोनदा पाडणे ही ‘ये’ची खूण ठरवावी. झोत डोळ्यांवर मारू नये.

खुणेचा खरा उपयोग उतारवयात कळतो. म्हातारपणी कुत्र्याचे कान जातात आणि लोक म्हणतात, आता हे ऐकत नाही, हट्टी झाले. ते हट्टी झालेले नसते, बहिरे झालेले असते. लहानपणी खुणा शिकलेले कुत्रे अशा वेळीही दारात मानाने राहते.

शिकवणीइतकीच लसही महत्त्वाची. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस जनावरांच्या दवाखान्यात टोचून घ्यावी आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दर वर्षी द्यावी. कोणतेही कुत्रे चावले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची भरत बसू नये आणि मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

सुगीची गडबड सुरू व्हायला अवकाश असेल तेव्हा हे काम हाती घ्यावे. महिना-दीड महिना रोज दहा मिनिटे दिली, तर मळणीच्या गोंगाटातही तुमचा वर गेलेला हात पाहून कुत्रे जागीच थांबेल.